मले नाही, मला म्हण

अमरावती
मंगळवार

प्रिय शेखर,

'प्रिय' लिहिलं, कारण पत्र तसंच सुरू करतात. आत्ता समोर असता तर दुसरंच काही ऐकलं असतं तू. फोनवर 'मीटिंगमध्ये आहे' म्हणून सुटतो, मेसेजवर नुसता अंगठा दाखवून मोकळा होतो. म्हणून कागद घेतला. आता बस वाचत.

तुझं म्हणणं काय, तर "रागिणीला घरी शिकवण्यामागची तुझी उद्दिष्टं मुद्देसूद लिहून पाठव, मग ठरवू." वा रे वा! मी काय तुझ्या हाताखाली कामाला आहे? आणि 'ठरवू' कशाला म्हणतो? तिला पुण्याच्या शाळेत टाकायचं तू ठरवूनच बसला आहे. तरी घे, उद्दिष्टं सांगते. मुद्देसूद जमणार नाही, डोकं फिरलं आहे माझं.

तिची शाळा का सोडवली ते तू सोयीनं विसरला, म्हणून आधी तेच. दुसरीत मॅडमनं विचारलं, आई काय करते आहे, वाक्य सांगा. आपली पोरगी उभी राहून ठणठणीत आवाजात म्हणाली, "आई सयपाक करून राहिली." मॅडम म्हणाल्या, चूक, खाली बस. घरी आली ती थेट ओट्याजवळ, आणि कढईत डोकावून मला विचारते, "आई, तू काय चुकवून राहिली वं?" तिला वाटलं, सयपाकच चुकला! मी तेव्हा हसली. मग एक दिवस ती "मले पाणी पायजे" म्हणाली, तर मॅडम म्हणतात, "मळे? कोणाचे मळे?" सगळा वर्ग खिदळला, आणि पोरीचं नावच पडलं 'मले'. अरे, ते खिदळणारे सगळे पोट्टे घरी जाऊन "मले भूक लागली" असंच म्हणतात! आणि मॅडम कुठली, तर इथल्याच, अचलपूरची. तिच्या आईचा फोन आला की व्हरांड्यात तिचं चाललेलं अस्सल वऱ्हाडी मी या कानांनी ऐकलं आहे. माझा जीव जळतो तो यानं. पुढे रागिणी वर्गात तोंडच उघडेना. बाथरूमला जाऊ का, हेही विचारेना. एकदा ओल्या फ्रॉकनं घरी आली, तेव्हा मी तिला काढलं. तूही 'बरोबर केलं' म्हणाला होता तेव्हा.

सुरुवातीला माझीही उद्दिष्टं मोठी होती, बापा! भिंतीवर वेळापत्रक, रंगीत तक्ते, इंग्रजीचे रोज नवे शब्द. शाळेतल्या पोरांच्या पुढे न्यायची होती तिला, दाखवून द्यायचं होतं सगळ्यांना. भागाकार शिकवताना मी एवढी ओरडायची की शेजारच्या फरजाना चाची भिंतीपलीकडून म्हणायच्या, "बस कर वर्षाली, बच्ची है." भागाकार आला तिला. पण बाहेरचं कोणी आलं की पोरगी माझ्या मागे लपायची, आणि बोलायच्या आधी समोरच्याच्या तोंडाकडे पाहायची, हा आता हसतो का म्हणून. त्याचं औषध एकाही तक्त्यात नव्हतं. काढून टाकले तक्ते. आता एकच उद्दिष्ट उरलं आहे: माझ्या लेकीनं दुसऱ्याचं तोंड न पाहता आपलं तोंड उघडावं. इंग्रजी येईल, बाकीचं गणित येईल. लिहिताना ती 'मला' असंच लिहिते, वाचतेही झरझर. कुठे काय बोलावं ते तिचं तिला कळेल. पण आधी बोलू तर दे!

मामाजींसोबत, तुझ्याच वडिलांसोबत, ती सकाळी फुलबाजारात जायला लागली. आधी नुसती टोपल्यांमागे बसून राहायची. दसऱ्याला मामाजींचा घसा बसला होता, समोरून गिऱ्हाईक निघून चाललं होतं, आणि ही एकदम उठून ओरडली, "अवं काकू, कुठी चालल्या? असा झेंडू तुमाले अख्ख्या बाजारात नाही भेटत!" मी डबा घेऊन येत होती, तिथेच उभी राहिली. मामाजी डोळे पुसत होते आणि फुलं मोजून देत होते. शेखर, त्या आवाजासाठी मी किती वाट पाहिली, तुला काय कळणार! कोण्या मित्रानं त्याचा व्हिडिओ तुला पाठवला, तर तुला काय दिसलं? "माझी मुलगी बाजारात ओरडते, आणि भाषा तर ऐक तिची." लाज वाटली म्हणे. कोणाची वाटली? त्याच झेंडूच्या टोपल्या सायकलवर बांधून तू शिकला ना रे?

आणि तू कोणती भाषा बोलत होता? कॉलेजात माझ्यासमोर येऊन म्हणाला होता, "मले तुह्या नोट्स पायजे." नोट्स कोणाला पाहिजे होत्या ते मला तेव्हाच कळलं. त्याच बोलण्यावर मी भाळली. पुण्याला गेला आणि 'अगं, ऐकतेस का' सुरू झालं. मी काही म्हटलं नाही. तिथे तुला हसले असतील लोक. तू कधी सांगितलं नाही, पण फोनवर आपल्याशी बोलताना शेजारी कोणी आलं की तुझा आवाज बदलायचा, ते मला ऐकू यायचं. वाईट वाटायचं तुझ्यासाठी. मग चिडायचं तर त्या हसणाऱ्यांवर चिड ना! पोरीवर काहून चिडतो?

उद्दिष्टांचं झालं. पत्र त्यासाठी लिहिलं नाही. रविवारी तू फोन केला तेव्हा मी गच्चीवर कपडे वाळू घालत होती, फोन रागिणीनं घेतला. "बाबा, तुमी कवा येऊन राहिले?" एवढंच विचारलं तिनं. आणि तू म्हणाला, "आधी नीट बोल. कधी येणार आहात, असं म्हण. शनिवारी तुला न्यायला येतो, शाळेत मुलाखत आहे. तिथे असं बोललीस तर मला मान खाली घालावी लागेल." फोन स्पीकरवर होता, हे मला मामाजींनी सांगितलं. तिनं कुठून सांगावं, ती तेव्हापासून बोललीच नाही. काल बाजारात परत टोपल्यांमागे जाऊन बसली. आज वेणी घालताना पहिल्यांदा तोंड उघडलं, आणि विचारलं काय, तर "आई, बाबा आले की मी चूपच राहू ना?" अरे, मॅडमला भ्यायची तर मी शाळा सोडवली. आता बापाला भ्यायला लागली, तर बाप कसा सोडवू, सांग! मुलाखतीला ती येणार नाही. तू मात्र शनिवारी ये. दारात आल्यावर आधी तू बोलायचं, आपल्या बोलीत: "बोल माय, मी ऐकून राहिलो." एवढं तोंडातून निघत नसेल तर येऊ नको.

तुझीच, पण आधी रागिणीची आई,
वर्षाली