मुकादमासमोर विचारलेला प्रश्न

ती. ताई,
नमस्कार. मी ठीक आहे. अक्षर वाकडं आलंय, कारण हाताला चार टाके आहेत. आईला सांगू नकोस. तिचा गुडघा कसा आहे?

संशोधनासाठी मी एका कपड्यांच्या कारखान्यात कामगारांना प्रश्न विचारत होते. "इथे कुणी मारतं का?" हे मी घाईत मुकादमासमोरच विचारलं. एक शिलाईवाली म्हणाली, "रोज." मुकादमाने लोखंडी पट्टीने तिचं डोकं फोडलं. मी हात मध्ये घातला, पण उशिरा, दुसऱ्या फटक्याला.

दवाखान्यात तिला म्हटलं, "तुमचं उत्तर खोडते. पुन्हा त्रास नको."

"वा बाई! प्रश्न तुमचा, मार माझा, आणि आता उत्तरही खोडणार? राहू दे."

राहू दिलंय. सोमवारी ती पुन्हा त्याच मुकादमाकडे कामाला जाणार आहे. मी तिच्यासोबत जातेय.

तुझीच,
धाकटी