कच्चं शूटिंग

३ फेब्रुवारी
ऑनलाइन स्टोरेजवाल्यांनी पुन्हा भाडं वाढवलं! दिसत नाही, हाताला लागत नाही अशा जागेचं भाडं. नगरचा दवाखाना, औषधं, पाथर्डीतला लग्नाच्या शूटिंगच्या स्टुडिओचा हा गाळा, आणि वर हे.

ह्यांचं ऑपरेशन होऊन महिना होत आला. 'जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावं लागेल,' डॉक्टर म्हणाले होते. जीव वाचला. आता हे स्टुडिओत पडद्यामागच्या कॉटवर पडून असतात. गळ्याला भोक, हातात मोबाईल. लिहून दाखवतात — 'पाणी.' 'पंखा बंद कर.' तंबाखूचा मावा सोडा, मावा सोडा म्हणून किती कोकलले मी! जाऊ दे.

६ फेब्रुवारी
धाकटा भाऊ ओंकार सुप्याहून आला. कंपनीत कॉम्प्युटरचंच काम आहे त्याचं. म्हणाला, "ताई, तयार व्हिडिओ तेवढे ठेव. कच्चं शूटिंग कशाला जपलंय? त्यानंच जागा खाल्लीय." खरंच आहे. तयार व्हिडिओ तास-दीड तासाचा, कच्चं शूटिंग दिवसभराचं. आणि तेच तीन ठिकाणी — मशीनमध्ये, हार्ड डिस्कवर, वर ऑनलाइन.

ठरवलं. ज्यांनी व्हिडिओ नेला त्यांचं कच्चं सगळीकडून उडवायचं. ह्यांना विचारलं. मान हलवली. हो म्हणाले की नाही, तेही धड कळलं नाही.

९ फेब्रुवारी
उडवतेय. हळद गेली. वरात गेली. मानपान, रुसवेफुगवे, पंगती — सगळं. बघत बसत नाही. बघितलं की हात थांबतो.

११ फेब्रुवारी
एवढं करून भाडं तेवढंच! ओंकारला फोन लावला. "कचरापेटी रिकामी केली का? त्यातलं पण जागेत धरत्यात, ताई." केली बाई रिकामी. आता स्वस्तातला प्लॅन घेतला. हार्ड डिस्कही विकून टाकल्या. व्हिडिओ अजून नेला नाही, अशा एकाच लग्नाचं कच्चं उरलंय. तेही फक्त मशीनमध्ये.

२५ फेब्रुवारी
एकही ऑर्डर नाही. पैसे वाचवून वाचवून काय वाचवणार!

१६ मार्च
साखर कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला; ऊसतोडीच्या टोळ्या परत यायला लागल्या. बनुबाई आल्या, लेकीच्या लग्नाचा व्हिडिओ न्यायला. कपाळ मोकळं! मी बघतच राहिले. "उसाची ट्रॉली उलटली," एवढंच म्हणाल्या. सहादेवभाऊ गेले. गेल्या मे महिन्यात मांडवात केवढे नाचले होते!

व्हिडिओ लावून दिला. पाठवणीत सहादेवभाऊ लेकीला, दिशाला, जवळ घेऊन काहीतरी सांगतायत, आणि आम्ही वर गाणं टाकलेलं. "त्यान्ला बोलू द्या की वो," बनुबाई म्हणाल्या. "गानं काय, कुटंबी ऐकू येतं."

कच्चं काढून लावलं. सहादेवभाऊ म्हणत होते, "दिशे, तुज्या हातात कोयता येऊ दिला न्हाई बघ म्या." आणि मधेच, कॅमेऱ्यामागून — "भाऊ, जरा इकडं तोंड करा. हां! अश्विनी, लाईट वर धर, वर!"

ह्यांचा आवाज!

प्रत्येक लग्नात हे असेच बोलायचे. तयार व्हिडिओतून आम्ही ते काढून टाकायचो. राहायचं ते कच्च्यात. आणि ते मी बसून बसून उडवलं. माझ्यासारखी करंटी मीच.

बनुबाई डोळे पुसत म्हणाल्या, "मधी मधी फोटूवाला बोलतोय, तेवढं काढा." परवा-तेरवा या म्हटलं.

१७ मार्च
दिवसभर तेच लावते. 'अश्विनी, लाईट वर धर, वर!' रागावूनच बोलतायत, तरी गोड लागतं. गिऱ्हाईक नाही, कोण विचारतंय? पुन्हा लावते.

१८ मार्च
आजही तेच. रडू येतं आणि बरंही वाटतं. ऑपरेशननंतर पहिल्यांदा बरं वाटलं. पडद्यामागून ह्यांनी मला बोलवायला टाळी वाजवली. पाणी नेऊन दिलं. पाणी नको होतं. मग काय हवं होतं, तेही लिहीनात. कुशीवर वळले. मी परत येऊन लावलं.

१९ मार्च
बाजार करून आले तर हे मशीनवर बसलेले! बनुबाईंचा व्हिडिओ करून ठेवला होता. सहादेवभाऊंचं बोलणं अगदी स्वच्छ, मधे कोणी नाही. "कच्चं कुठंय?" विचारलं. पार पुसलेलं. मी किंचाळले — तेवढंच एक राहिलं होतं हो!

त्यांनी मोबाईलवर लिहून पुढे केला. 'मला ऐकवत नव्हतं गं.'