घोड्यापुढचं प्यादं

आई, तुझ्याशी भांडायला मला अठरा वर्षं उशीर झालाय. तू असतीस तर म्हणाली असतीस, आत्ता आठवलं का तुला? आत्ता नाही आठवलं. आतल्या आत धुमसतच होतं, गेल्या रविवारी पुन्हा भडकलं, म्हणून लिहायला बसले. हे कुणाला दाखवायचं नाही आणि तुझ्यापर्यंत पोचायचा प्रश्नच नाही, तेव्हा सरळच लिहिते. उल्हासनगरच्या आपल्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर ती सिंधी मुलगी राहायची, माझ्याच वयाची. तिला तू बुद्धिबळ शिकवलंस आणि मला नाही शिकवलंस. मला तिचा हेवा वाटतो. चाळिशी ओलांडली, एका मुलीची आई झाले, तरी वाटतो.

तू अंबरनाथला औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होतीस. जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये दोन फिटर पट मांडून बसायचे, आणि तू डबा खाता खाता बघून शिकलीस. सोंगट्या कशा चालतात तेवढं तू मला सांगितलं होतंस. पुढचं मी शाळेतून उचलून आणलं. दुसऱ्याच चालीला वजीर बाहेर काढायचा, मग त्याच्या मदतीला उंट आणायचा, आणि समोरच्या राजाच्या बाजूचं एक प्यादं मारून चार चालींत मात. त्या प्याद्याला राजाशिवाय कुणाचाच आधार नसतो, हे कळलं आणि मला लॉटरीच लागली. संध्याकाळी तू कंपनीतून येतेस, हातपाय धुतेस, कुकर लावतेस, आणि आपण ओट्यापाशी फरशीवर पट मांडतो. तिसरी शिट्टी व्हायच्या आत तू हरलेली असतेस. ‘अगं बाई, परत?’ म्हणून कपाळावर हात मारतेस. दोन महिने, रोज. मी बिल्डिंगभर सांगत सुटले होते की आईला हरवते म्हणून. त्या वरच्या मुलीला तर जिन्यात बसून एका दुपारी तीनदा हरवलं. ती रडत वर गेली, आणि मी खालून ‘रडूबाई, रडूबाई’ ओरडले. ते तुला ऐकू गेलं असणार.

त्यानंतरच्या रविवारी तू मला गिरणीत पाठवलंस. परत येते तर दार अर्धवट उघडं, आणि ओट्यापाशी माझ्या जागेवर ती बसलेली. तू तुझ्या त्या मोडक्या हिंदीत बोलतेयस. ‘देख, वजीर आया तो घाबरने का नहीं. पहले बीचवाला प्यादा संभालने का. उसके वास्ते ये घोडा निकाल.’ ती घोडा काढते. ‘अब उसका उंट आया. अब ये दूसरे घोडे के सामनेवाला प्यादा एक घर आगे. वजीर को हटना ही पडेगा.’ ती विचारते, ‘ये प्यादा पहले ही चला दूँ तो, आंटी?’ तू हसतेस. ‘तो वो बीचवाला खाएगा, राजा को शह, और कोने का हत्ती भी गया. चाल यही है, लेकिन घाई नहीं करने का.’ मग तिचा हात धरून तू सगळं परत मांडतेस, परत करून घेतेस, चार वेळा, पाच वेळा. मी कमरेवर पिठाचा गरम डबा घेऊन दारात उभी. तुला हे सगळं येतं, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. म्हणजे दोन महिने तू माझ्याशी मुद्दाम हरत होतीस.

दुसऱ्या दिवशी जिन्यात सगळ्या पोरांसमोर तिने मला हरवलं. माझा वजीर या घरातून त्या घरात पळत राहिला, आणि शेवटी तिच्या घोड्याने खाल्ला. संध्याकाळी तू पोळ्या लाटत होतीस, तेव्हा मी विचारलं, ‘मला का नाही दाखवलंस?’

‘तू विचारलंस कधी? ती विचारायला आली.’

‘माझ्याशी मुद्दाम हरत होतीस ना?’

तू लाटणं थांबवलं नाहीस. ‘दिवसभर उभी असते गं मी. घरी आल्यावर तुझं तोंड हसलेलं बघायचं असतं मला.’

‘आणि तिचं?’

‘तिचं तिची आई बघेल.’

आज हे कुणी वाचलं तर म्हणेल, बाई, आणखी काय हवं होतं तुला? पण मला हवं होतं ना. मला ते हात धरून पाच वेळा मांडणं हवं होतं. ज्याच्यात काही दिसतं त्यालाच माणूस एवढं शिकवतं, आणि तुला माझ्यात काही दिसलं नाही, असंच मी धरून चालले. मी खेळणं सोडलं. ती मात्र चार वर्षं दर रविवारी येत राहिली, आणि त्यांनी घर बदललं तेव्हा तू आपला पट तिला देऊन टाकलास. मला नको म्हणून मीच सांगितलं होतं, हे खरं आहे. तरी तू एकदा पुन्हा विचारायला हवं होतंस.

आता मी बदलापूरला राहते. गेल्या महिन्यात सोसायटीच्या स्पर्धेत माझी लेक चार चालींत हरली. आठ वर्षांची आहे. रडली नाही, घरी येऊन म्हणाली, ‘मम्मी, हे अडवायचं कसं?’ मी तुला जे कधी विचारलं नाही, ते तिने मला पहिल्याच हारीनंतर विचारलं. मला उत्तर येत होतं गं. पण मी म्हटलं, तुला क्लास लावू. शिवमंदिराच्या रस्त्याला एक चांगला क्लास आहे, असं सगळे सांगतात. गेल्या रविवारी लेकीला घेऊन गेले. पाटीवर नुसतं आडनाव, तेही सासरचं, म्हणून क्लास त्या वरच्या मुलीचा आहे हे मला कळलं नाही. तिने मात्र मला दारातच ओळखलं. ‘अरे, तू! आंटीची मुलगी ना?’ म्हणत माझे दोन्ही हात धरले. मग ती पोरांना शिकवायला बसली. आई, प्यादं पुढे सरकवताना ती तुझ्यासारखीच करंगळी उचलते. तुझी मुलगी मी, आणि तुझी करंगळी तिच्याकडे. माझा नुसता जळफळाट झाला.

क्लास सुटल्यावर ती बाहेर आली. ‘आंटीने मला कधी एक डाव जिंकू दिला नाही, माहितेय? चार साल! घरी जाके रोती थी मैं.’ मग म्हणाली, ‘तुझं मस्त होतं यार. तुला तर घरातच, रोज शिकवत असतील.’ बोलताना तिच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी लगेच ओळखलं.

मी म्हटलं, ‘हो, रोज. तुला रविवारी जे दाखवायची ना, ते आधी मला शिकवलेलं असायचं.’

तिचा चेहरा उतरला. आई, खरं सांगते, मला फार बरं वाटलं. परवा लेकीला सोडायला पुन्हा जायचंय, पण मी तिला खरं सांगणार नाही.