हज्जींच्या हातची कॉफी

अब्बा, तुम्ही गेलात तेव्हा मी अकरावी सोडली होती. आता बहरीनमध्ये, अरादच्या एका घरात, एका वयस्कर गृहस्थांना सांभाळतो. सगळे त्यांना हज्जी म्हणतात. त्यांचे हात तुमच्यासारखेच थरथरतात. त्यांच्या मुलाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बाबांना चटका बसला तर तुझी नोकरी खलास." म्हणून कॉफीची किटली मी कधी त्यांच्या हाती लागू दिली नाही. पाहुणे आले की मीच ओततो आणि हज्जी भिंतीकडे बघत बसतात.

गेल्या आठवड्यात एक मुलगी आली. म्हातारपणाच्या अभ्यासाची पदवी करते आहे. काही दिवस वर्गात, काही दिवस अशा घरांत. मी ओतायला पुढे झालो, तर तिने आपला बिनकानाचा पेला माझ्यासमोरून काढून हज्जींपुढे धरला. मी टॉवेल घेऊन उभा. हज्जींनी किटली उचलली; थोडी तबकात सांडली, थोडी पेल्यात पडली. ती प्यायली, पुन्हा पेला पुढे केला. इथे पुरे झालं की पाहुणा पेला हलवतो; तोवर यजमान ओतत राहतो. तिने बऱ्याच वेळाने हलवला.

"एवढंच? चिमणी आहेस," हज्जी म्हणाले. कित्येक दिवसांत त्यांनी कुणाची थट्टा केली नव्हती.

दारापर्यंत सोडताना मी विचारलं, "हे पुस्तकात असतं?"

"हात का थरथरतात, ते असतं," ती हिंदीत म्हणाली. "घरात त्यांना कुणी ओतू देत नाही, ते इथे येऊन कळतं."

"आणि भाजलं तर?"

"किटली अर्धीच भर ना, भाई. आणि जरा निववून."

तेव्हापासून डोक्यात प्रश्नच प्रश्न. परीक्षेत काय विचारत असतील? सांडलेल्या कॉफीचे गुण कापतात का? त्या पदवीला बारावी लागते म्हणे. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येईल. तुम्ही बशीत चहा ओतायला लागलात की आई धावायची आणि तुम्ही म्हणायचात, "सर बाजूला, माझी चाय मी ओतीन." आम्हाला वाटायचं, आजाराने चिडचिडे झालात.

हे पत्र कुठे जाणार नाही, तरी ऱ्हस्व-दीर्घ दोनदा तपासलं आहे.

आज घरात पाहुणा नव्हता. मी किटली अर्धी भरली, निवू दिली आणि पेला घेऊन हज्जींसमोर बसलो. नोकराने असं बसावं का, कळेना. त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा मुलाच्या खोलीकडे पाहिलं आणि ओतली. मग पुन्हा ओतली. अब्बा, मला कॉफी आवडत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. मी पेला हलवला नाही.