कोरे सोडलेले अठरा गोल

नांदेड, १२ जानेवारी १९८६

चि. विशाखास,

हैदराबादला अमेरिकेच्या प्रवेशाची ती जीआरई परीक्षा द्यायला जाताना तू माझं टोकयंत्र नेलंस, ते अद्याप परत आलेलं नाही. संस्कृतचा शिक्षक विळीवर पेन्सिल तासतो हे शोभत नाही, याची नोंद घ्यावी.

आणि परीक्षा तरी कसली? तीस वर्षं मी पोरांची अक्षरं सुधारली. अमेरिकेला अक्षर नकोच, बरोबर उत्तराचे नुसते गोल काळे करायचे. तुझी आत्या म्हणते, "दादा, काळं करायला हैदराबाद कशाला? घरात तवे काय कमी हायत?"

तू लिहितेस, 'न येणारे अठरा गोल तुमच्या शिकवणीप्रमाणे कोरे सोडले, बाबा. चुकीला गुण कापत नव्हते, हे मैत्रिणीनं नंतर सांगितलं.' वर स्वतःलाच वेंधळी म्हणालीस. लातूर जिल्हा झाला, पण तुझ्या कचेरीत अजून पुरत्या खुर्च्या नाहीत. तू आटलेल्या विहिरी मोजत फिरतेस. भूजलाचं शास्त्र शिकायला जायची यंदाची संधी हीच होती.

हे पत्र पेटीत टाकणार नाही, म्हणून लिहितो. परीक्षेचं माहितीपत्रक माझ्या पत्त्यावर आलं होतं. 'एकही प्रश्न सोडू नका' हे मी तू जाण्याआधीच वाचलं, आणि तुला नुसतं प्रवेशपत्र पाठवलं. न येणारं लिहिणं ही लबाडी, असं मनाला समजावलं. पण तू जाऊ नयेस म्हणूनच मी गप्प बसलो असेन, अशी मला भीती वाटते.

बाबा