आंबिलीचा चौथा नंबर

आदरणीय नरसिंगदादा यांस शेषेरावचा रामराम. वहिनींच्या गुडघ्याचं दुखणं कमी झालं का? मुखेडात थंडी म्हणे फार आहे. आमच्याकडं जळकोटच्या बाजूला सगळं ठीक, म्हणजे म्हैस ठीक, हरभरा ठीक. तुमची बहीण रुक्मिण परवा सकाळच्या बसनं तिकडं पोचली असेलच. तुमच्या घरातला फोन माझं नाव दिसलं की बंद होतो, म्हणून कागद घेतला. (तीस वर्षं पोस्टात दुसऱ्यांची पत्रं वाटली, स्वतःचं लिहायची वेळ आता आली.) ती का रुसली ते माझ्या तोंडून ऐका आणि मग तिला परत पाठवायचं का ते ठरवा.

आमची लेक, तुमची भाची शिल्पा मागं नाशकाला द्राक्षांच्या मळ्यात वाइनचा कार्यक्रम बघून आली. लोक पेला गोल फिरवतात, नाक घालून वास घेतात, घोटभर तोंडात खेळवून थुंकतात आणि मग त्यात कसला कसला वास आला ते सांगतात. तिच्या डोक्यात आलं, आपल्या येळवशीला, वेळा अमावास्येच्या रानातल्या जेवणात, आंबील काय कमी आहे? ज्वारीचं पीठ ताकात रात्रभर आंबवलेलं, लसूण, जिरं, सगळं आहे. झालं. येळवशीला पुण्याचे बारा पाहुणे शेतात हजर. कडब्याची खोपटासारखी कोप केलेली, पांडवांची पूजा झालेली, ओल्या दाण्यांची न् पालेभाज्यांची भज्जी आणि बाजरीचे उंडे मांडलेले. चार घरच्या आंबिलीची मडकी घोंगड्यात गुंडाळून कोपीमागं ठेवली, कुणाचं कुठलं ते शिल्पालाच ठाऊक. आणि परीक्षक कोण, तर मी! गावात माझ्याइतका निःपक्षपाती माणूस नाही म्हणे. मीही फुगलो, खोटं कशाला सांगू.

थुंकायला बादली ठेवली होती. ती बघून शेजारच्या साखराबाई कडाडल्या, “येळवशीच्या दिशी रानात थुकायचं? लक्ष्मीला काय वाटंल? गिळा गपचिप!” मग पाहुण्यांसकट सगळ्यांनी गिळलं आणि बादली वासराच्या पाण्याला लागली. एका पाहुणीला आंबिलीत ओल्या दगडाचा वास आला. मी दगड कधी हुंगला नव्हता, म्हणून बांधावरचा एक भिजवून हुंगून आलो. खरंच येतो हो दादा! इतकी वर्षं आंबील ढोसली पण नाक कधी लावलं नाही, याचं मला फार नवल वाटलं. एकीत तव्याचा वास, एकीत गोठ्याचा. मी पेला फिरवत बसलो आणि भज्जी निवून गेली.

मग निकाल. पाहुणे मोबाइल धरून उभे, त्यामुळं माझ्या जिभेला जरा जास्तच धार चढली. एक, दोन, तीन नंबर सांगून झाले. चौथ्या आंबिलीबद्दल मी म्हणालो, “वास हट्टी. सुरुवात आंबट, शेवट त्याहून आंबट. ताक घुसळणारीच्या मनात कुणावर तरी राग असावा.” टाळ्या पडल्या. शिल्पाचा चेहरा उतरला, तरी तिनं नावांची चिठ्ठी उलगडून वाचली. चौथी रुक्मिणची. पहिली साखराबाईची! (या दोघींचं आंबिलीवरून वीस वर्षं चाललंय, तुम्हाला माहीतच आहे.) साखराबाई एवढंच म्हणाल्या, “बाई, घरच्या मान्साला तरी ग्वाड लागाया पायजे व्हती.” रुक्मिण उठली. मडकं डोक्यावर घेतलं, घरी गेली, पिशवी भरली. तिनं भांडण केलं असतं तर मी निभावलं असतं. एवढीच हकीकत. मी परीक्षक म्हणून जे कर्तव्य होतं ते केलं, त्यात माझं काय चुकलं सांगा.

आपला,
शेषेराव

ता. क. शिल्पा माझ्याशी कामापुरतं बोलते. तीन दिवस उरलेली भज्जी गरम करून खातोय. आजची जरा फसफसत होती.

ता. क. दुसरा. दादा, वर कर्तव्य वगैरे लिहिलं ते सोडा. चौथा पेला ओठाला लावला आणि पहिल्या घोटालाच कळलं की ही रुक्मिणची. चाळीस येळवशी तीच पितोय, कळणार नाही का? चारांत तीच सरस होती. पण घरच्याच मडक्याला पहिला नंबर दिला तर गाव हसेल, शेषेराव बायकोला भ्याला म्हणेल, म्हणून सगळ्यात खाली टाकली. गावाला भ्यालो आणि तिला दुखावलं. फार चुकलं माझं. तिच्यावाचून घरात करमत नाही.

ता. क. तिसरा. ती हे पत्र हातात धरणार नाही. तुम्ही ओसरीवर बसून वहिनींना वाचून दाखवतोय असं करा. ती दाराआड उभी राहीलच. दुसरा ताजा कलम दोनदा वाचा, आणि वहिनींना कमी ऐकू येतं असं समजून वाचा.