सामाईक बंब

बुधवार, फाल्गुन, १९४८

सुटलो एकदाचा! ग्रँटचा ठराव आज एकमताने झाला. आमची आणि नदीपलीकडची नगरपालिका मिळून एकच बंब ठेवणार असतील, तरच सरकार पैसे देणार. अट साधी, पण आमच्या सभासदांत सर्वांत वडील ते तात्या महिनाभर अडून बसलेले. मला वाटलं, दोन गावांचं जुनं वैर, दुसरं काय? मी पडलो चिटणीस. जिवाला नुसता घोर. गेल्या उन्हाळ्यात अख्खी कुंभारआळी जळाली. यंदाही जळू द्यायची?

आज शेवटी चिडून विचारलंच, "तात्या, तुमचं घोडं अडतंय तरी कुठं?"

"आवं चिटणीस, आंगुळीचं पानी काय नदीपल्याडनं आणायचं? ज्याचा बंब त्याच्या न्हाणीत!"

मी कसाबसा म्हणालो, "तात्या, हा आग विझवायचा बंब."

"मंग आदी सांगायचं न्हाई व्हय!" आणि पहिला हात त्यांनीच वर केला.

महिनाभर मी 'बंब, बंब' करतोय, आणि हे आपले मनाने न्हाणीत बसलेले!

घरी आलो तर हिने विचारलं, "बंब पेटवू का?"

म्हटलं, पेटव बाई. ह्याला पलीकडच्या गावाची संमती नको.